ओझे ओढणाऱ्या ट्रकचे टायर

बेंगळुरूच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून, पीण्याची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. येथील कारखान्यांतून निघणारी यंत्रे, बिडदीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारी, व्हाइटफील्डच्या आगारातील मालपेट्या, अशा सगळ्या अवजड मालाची ने-आण बव्हंशी ट्रेलर ओढणारे ट्रक करतात. अशा ट्रकच्या मालकाला इंधनाखालोखाल मोठा खर्च सोसावा लागतो तो टायरांचा. इंधनाचा खर्च रोज थोडाथोडा होतो, म्हणून तो अंगवळणी पडतो. टायरांचा खर्च मात्र एकदम समोर उभा राहतो. पुढील एका ओढगाडीला सहा आणि मागील दोन आसांच्या ट्रेलरला आठ, असे चौदा टायर एका गाडीला लागतात. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे आणि तीही कर्जाने घेतलेली आहे, त्याच्या बाबतीत टायरची निवड चुकणे म्हणजे वर्षाची कमाई निसटणे होय. भरधाव गाडीचा पुढचा टायर फुटला तर प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही.

जुना टायर काढून नवा घेताना सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो : सर्वांत जास्त टिकणारा टायर कोणता? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. एकच टायर एका जागी लाख किलोमीटर चालतो आणि दुसऱ्या जागी त्याच्या निम्म्या अंतरातच निकामी होतो. त्यामागील कारणे समजण्यासाठी टायरची घडण प्रथम पाहिली पाहिजे.

टायरची घडण

चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ साली गंधकाबरोबर तापविलेले रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत ठिसूळ होत नाही, हे दाखवून दिले. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे एकस्व घेतले. परंतु त्याची कल्पना काळाच्या पुढे होती आणि ती विस्मृतीत गेली. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने शोधली आणि सायकलीबरोबर ती जगभर पसरली.

तथापि टायर म्हणजे केवळ रबर नव्हे. त्याच्या आत धाग्यांच्या किंवा पोलादी तारांच्या पडद्यांचा एक सांगाडा असतो. हवेचा दाब हा सांगाडा सोसतो आणि गाडीचे वजन वास्तविक ती कोंडलेली हवा पेलते. सांगाड्यावर नक्षी असलेला जाड रबरी थर बसविलेला असतो. तो रस्त्याशी झिजतो. एवढी रचना ध्यानात घेतली की टायरला दोन आयुष्ये असतात, हे कळून येते : एक नक्षीचे आणि दुसरे सांगाड्याचे. नक्षी डोळ्यांना दिसते; सांगाडा दिसत नाही. गिऱ्हाईक नक्षीची खोली पाहून टायर घेते. टायरची खरी किंमत मात्र सांगाड्यात असते.

सांगाड्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुन्या प्रकारात पडदे एकमेकांवर तिरके, फुलीसारखे रचलेले असतात. आपल्याकडे या टायरांना रस्त्यावर सरसकट ‘नायलॉन टायर’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सांगाड्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे घातलेले असतात. हा अरीय, म्हणजेच ‘रेडियल’ टायर. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने त्याचे एकस्व १९४६ मध्ये घेतले. भारतातील अवजड वाहनांत तो उशिरा रुळला. आता लांब पल्ल्याच्या ट्रेलरांवर तो सर्रास दिसतो. बेंगळुरूपासून जवळच असलेल्या म्हैसूरच्या कारखान्यातही ट्रकांचे रेडियल टायर तयार होतात.

नायलॉन टायरात चाक फिरताना तिरके पडदे एकमेकांवर घासतात आणि तापतात. रेडियल टायरात बाजूची भिंत मोकळेपणाने वाकते, नक्षीचा भाग पट्ट्यांमुळे सपाट राहतो. म्हणून तो कमी तापतो, सावकाश झिजतो आणि इंधनही वाचवितो. मात्र त्याची बाजूची भिंत पातळ असते. खाणीच्या कच्च्या वाटेवर, अणकुचीदार दगडांत ती लवकर कापली जाते. म्हणून दगडखाणीत राबणाऱ्या गाडीचा मालक अजूनही नायलॉन टायर मागतो, त्यात त्याचे अज्ञान नसते. बेंगळुरूहून पुण्याला किंवा चेन्नईला डांबरी रस्त्याने जाणाऱ्या ट्रेलरला मात्र रेडियलच योग्य ठरतो.

उष्णता : टायरचा मुख्य शत्रू

ट्रकच्या टायरचा व्यास सुमारे एक मीटर व घेर सव्वातीन मीटरांच्या आसपास असतो. म्हणजे एक किलोमीटर जाण्यास त्याला सुमारे तीनशे फेरे घ्यावे लागतात. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना एकदा दबतो आणि पुन्हा उभारतो. बेंगळुरू ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. तेवढ्या प्रवासात बाजूच्या भिंतीचा प्रत्येक बिंदू अडीच लाख वेळा वाकतो. लोखंडाची तार वारंवार वाकविली असता ती गरम होऊन तुटते, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. टायरात हेच सावकाश घडत असते.

हवा कमी असली की टायर अधिक दबतो, म्हणून अधिक वाकतो आणि अधिक तापतो. माल जास्त भरला की तेच होते. वेग वाढविला की थंड होण्यास उसंत मिळत नाही. कमी हवा, जादा ओझे आणि वेग ही तिन्ही एकत्र आली, आणि वैशाखातल्या दुपारी गाडी चित्रदुर्ग-दावणगेरेच्या उघड्या माळावरून जात असली, म्हणजे सांगाड्यातील रबर आणि तारा यांची पकड सुटू लागते. असा टायर त्या दिवशी फुटेलच असे नाही. तो महिन्याने, पहाटेच्या गारव्यात, रिकाम्या गाडीखालीही फुटतो आणि चालक म्हणतो, टायर खराब निघाला. वास्तविक त्याची हानी कितीतरी आधी झालेली असते.

अवजड ट्रकच्या टायरांत नैसर्गिक रबराचे प्रमाण मोटारीच्या टायरांपेक्षा जास्त ठेवतात. त्याचे कारण हेच आहे की, वाकताना नैसर्गिक रबर कमी तापते आणि सहजी फाटत नाही. केरळातील मळ्यांत पिकणारे रबर या उद्योगाला एवढे मोलाचे वाटते ते त्यामुळेच.

अंकांची भाषा

टायरच्या भिंतीवर कोरलेले अंक बहुतेक जण केवळ मापासाठी वाचतात. ‘१०.०० आर २०’ किंवा ‘२९५/८० आर २२.५’ ही मापे झाली. यांपैकी पहिल्या प्रकारात आत ट्यूब व फ्लॅप असतो; दुसरा ट्यूबविरहित असतो आणि तो तुलनेने थंड राहतो. मापापुढे ‘१५२/१४८’ अशी जोडी आणि एक अक्षर असते. तीच खरी महत्त्वाची. पहिला अंक टायर एकेरी बसविला असता तो किती भार पेलील हे सांगतो, दुसरा अंक जोडीने बसविला असता किती पेलील हे सांगतो. अक्षर वेगमर्यादेचे असते. ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटर.

१५२ या अंकाचा अर्थ ३,५५० किलो, १४८ चा ३,१५०, १४६ चा ३,००० आणि १४३ चा २,७२५ किलो. आता हे अंक कायद्याशी ताडून पाहावेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वाहनांच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढविली. त्यानुसार पुढच्या, सुकाणूच्या आसावर ७ टन, चार टायरांच्या एका आसावर ११.५ टन आणि आठ टायरांच्या जोडआसावर २१ टन भार चालतो. दोन आसांची ओढगाडी व दोन आसांचा ट्रेलर मिळून हा भार ३९.५ टन होतो.

पुढच्या आसावर दोन टायर. म्हणजे प्रत्येकावर कमाल साडेतीन टन. येथे १५२ अंकाचा टायर जेमतेम पुरतो. ओढणाऱ्या मागच्या आसावर चार टायर. प्रत्येकावर २,८७५ किलो. जोडीचा अंक १४३ असलेला टायर येथे बसविला तर गाडी कायद्याच्या मर्यादेत भरलेली असूनही टायर मात्र त्याच्या क्षमतेपलीकडे जातो. ट्रेलरच्या आठ टायरांवर प्रत्येकी २,६२५ किलो येतात; तेथे तोच १४३ अंक चालून जातो. दिसायला सारखे आणि मापाने एक असलेले टायर तिन्ही जागी सारखे योग्य ठरत नाहीत, हे या साध्या भागाकारावरून सिद्ध होते. आसांवरील मर्यादा वाढल्यानंतरही पूर्वीचेच कमी अंकाचे टायर घेत राहणे मालकाला म्हणूनच महागात पडते.

भिंतीवर ‘१६ पी.आर.’ असेही लिहिलेले असते. पूर्वी सुती धाग्यांचे तितके पडदे असत, त्यावरून ही रूढी पडली. आज त्याचा अर्थ सोळा पडदे असा नसून केवळ बळकटीची श्रेणी असा आहे. याखेरीज एका लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरावाचूनही म्हातारे होते. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी त्याचे तेवढे आयुष्य आधीच सरलेले असते.

जागा तसा टायर

सुकाणूच्या आसावरील टायर गाडीला दिशा देतात. त्यांना सरळ, लांब खाचांची नक्षी मानवते. ती थंड राहते आणि वळताना बाजूला सरकत नाही. या जागी नवा व निर्दोष टायरच असावा. रिमोल्ड केलेला टायर येथे बसविणे धोक्याचे असते, कारण पुढचा टायर गेला की गाडी चालकाच्या हातात राहत नाही.

ओढणाऱ्या आसावरील टायरांची कामगिरी सर्वांत कठीण असते. गाडीला चौदा टायर असले तरी इंजिनाची शक्ती रस्त्याला पोचविण्याचे काम केवळ हे चार करतात. सपाट रस्त्यावर चाळीस टनांची गाडी चालती ठेवण्यास सुमारे तीनशे किलोंची ओढ पुरते. शंभर मीटरांत सहा मीटर चढणाऱ्या घाटात गुरुत्वाकर्षण एकटेच चोवीसशे किलोंनी मागे खेचते. म्हणजे ओढ नऊ पट होते. त्या चारांपैकी प्रत्येक टायर पावणेसातशे किलोंच्या जोराने रस्त्याला नख्या लावून असतो. पुण्याच्या वाटेवर खंबाटकीचा घाट आहे, मंगळूरच्या वाटेवर शिराडीचा. तेथे प्रत्येक फेरीत नक्षी अशी खरवडली जाते. म्हणून या आसाला खोल, ठोकळेदार नक्षी लागते. केवळ सपाटीवर धावणाऱ्या गाडीला मात्र अति खोल नक्षी उपकारक नसते, कारण उंच ठोकळे डुलतात आणि तापतात.

ट्रेलरचे टायर स्वतः काही ओढत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यांचा त्रास निराळा आहे. दोन किंवा तीन आस जवळजवळ असलेला ट्रेलर अरुंद चौकात वळतो, तेव्हा त्याची सर्व चाके एकाच वर्तुळात फिरू शकत नाहीत. काही चाके अक्षरशः आडवी फरफटतात. पीण्याच्या आतल्या गल्ल्यांत वळणाऱ्या ट्रेलरमागे रस्त्यावर उमटणारे काळे पट्टे म्हणजे या टायरांची झीज होय. येथे कमी खोलीची, दाट, फाटण्यास प्रतिकार करणारी नक्षी आणि दणकट कडा हव्यात. चांगल्या सांगाड्याचे रिमोल्ड टायर येथे उत्तम काम देतात.

उचलून नेणारी गाडी

बंद पडलेले वाहन एका टोकाने उचलून नेणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिचा भार मागच्या आसाच्याही मागे टांगलेला असतो आणि तराजूच्या दांडीचा नियम येथे लागू पडतो. समजा, पुढच्या व मागच्या आसांत चार मीटर अंतर आहे आणि मागच्या आसापासून दोन मीटरांवर एक टन भार उचलला आहे. अशा वेळी पुढच्या आसावरील अर्धा टन कमी होतो आणि मागच्या आसावर एक टन नव्हे, दीड टन वाढतो. उचललेल्या वजनाएवढाच भार वाढला असे धरून टायर निवडणाऱ्याची फसगत येथे होते. मागचे टायर त्या दीडपट भाराला पुरतील असेच घ्यावेत. पुढचे टायर हलके झाले तरी ओल्या रस्त्यावर पकड ठेवणारे असावेत.

शहरात फिरणाऱ्या अशा गाडीचे किलोमीटर थोडे आणि थांबणे फार. तिच्या टायरांची नक्षी शिल्लक असतानाच बाजूच्या भिंतीला उन्हाने भेगा पडतात. तिच्यासाठी महागडा, लाखभर किलोमीटर चालणारा टायर घेण्यात अर्थ नसतो. ताज्या तारखेचा, पुरेशा भारक्षमतेचा साधा टायर तिला बरा.

किलोमीटरचा हिशेब

टायरची किंमत दुकानातल्या पावतीवर कळत नाही. ती किलोमीटरवर मोजावी लागते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक टायर २०,००० रुपयांना मिळतो, ८०,००० किलोमीटर चालतो, पण त्याचा सांगाडा पुन्हा नक्षी चढविण्याजोगा उरत नाही. दर किलोमीटरला २५ पैसे पडले. दुसरा टायर २६,००० रुपयांचा. तो ९०,००० किलोमीटर चालतो आणि नंतर प्रत्येकी ७,००० रुपये खर्चून दोनदा रिमोल्ड होतो व प्रत्येक खेपेस ६०,००० किलोमीटर चालतो. एकूण खर्च ४०,००० रुपये, अंतर २,१०,००० किलोमीटर. दर किलोमीटरला १९ पैसे. महाग टायर स्वस्त ठरला.

आता हाच महाग टायर कमी हवेवर आणि जादा मालाखाली चालविला, आणि पहिली नक्षी संपताच त्याचा सांगाडा निकामी ठरला, असे समजू. मग दर किलोमीटरला जवळजवळ २९ पैसे पडतील; म्हणजे स्वस्त टायरपेक्षाही महाग. टायर तोच, कारखाना तोच, किंमतही तीच. फरक पडला तो वापराने. ज्याला हवेचा दाब नियमित पाहणे शक्य नाही किंवा मर्यादेपेक्षा जास्त माल भरण्याखेरीज गत्यंतर वाटत नाही, त्याने उंची टायर घेणे म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणे होय.

पुन्हा नक्षी चढविण्याच्या दोन पद्धती आहेत. गरम पद्धतीत कच्चे रबर लावून टायर साच्यात घालतात व सुमारे दीडशे अंश तापमानात शिजवितात. थंड म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत आधीच शिजवून तयार केलेला नक्षीचा पट्टा शंभर अंशांच्या आसपास सांगाड्याला चिकटवितात. दुसऱ्या पद्धतीत सांगाड्याला कमी ताप सोसावा लागतो, म्हणून रेडियल टायरांसाठी ती अधिक पसंत केली जाते. कोणत्याही पद्धतीसाठी टायर वेळीच काढला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झालेला टायर ट्रकवर चालत नाही. परंतु सांगाडा वाचवायचा असेल तर तीन-चार मिलिमीटर नक्षी शिल्लक असतानाच तो उतरवावा. शेवटच्या दोन मिलिमीटरांच्या लोभाने दगड पोलादी पट्ट्यापर्यंत पोचतो, आत पाणी शिरते, तारा गंजतात आणि पुढची दोन आयुष्ये वाया जातात.

जुन्या टायरची साक्ष

नवा टायर घेण्यापूर्वी उतरविलेला जुना टायर नीट पाहावा. दुकानदारापेक्षा तो अधिक खरे बोलतो. नक्षी मध्यभागी जास्त झिजली असेल तर हवा अधिक होती. दोन्ही कडांना झिजली असेल तर हवा कमी होती किंवा ओझे जास्त. एकाच कडेची झीज चाकांची ठेवण बिघडल्याचे सांगते. अलाइनमेंट करून घेतल्यावाचून तेथे नवा टायर बसविला तर तोही त्याच वाटेने जातो. नक्षीत जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बेअरिंग तपासावे. जोडचाकांपैकी एकच टायर झिजला असेल तर दोघांच्या व्यासांत फरक होता, असे समजावे. जोडीतील मोठा टायर ओझे उचलतो आणि धाकटा फरफटतो. दोन्ही व्यासांत सहा मिलिमीटरांहून अधिक अंतर असू नये. त्याचप्रमाणे एकाच जोडीत रेडियल आणि नायलॉन टायर कधीही एकत्र बसवू नयेत.

हवेविषयी एक जुना गैरसमज येथे सांगणे इष्ट होईल. प्रवासात टायर तापला की आतील दाब वाढतो, हे पाहून काही चालक थोडी हवा सोडून देतात. परिणाम उलटा होतो : टायर अधिक दबतो आणि अधिक तापतो. हवेचा दाब गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. लाकडी दांड्याने ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची रीत सपाट झालेला टायर शोधण्यापुरती ठीक आहे. शंभरावर पौंड दाब असलेल्या टायरात वीस पौंड कमी असल्याचे कानाला कळत नाही; ते दाबमापकालाच कळते. त्या मापकाची किंमत एका टायरच्या तुलनेत नगण्य असते.

सारांश, टिकाऊ टायर शोधणाऱ्याने आधी आपली वाट, आपले ओझे आणि गाडीवरील जागा निश्चित करावी. त्या जागेवरील भार भागाकाराने काढावा आणि भिंतीवरील अंक त्याहून थोडा वरचा घ्यावा. मग नक्षी पाहावी, तारीख वाचावी आणि तो किती वेळा रिमोल्ड होऊ शकेल हे विचारावे. एवढे केल्यावरही त्याचे अर्धेच काम झालेले असते. उरलेले अर्धे काम रोज पहाटे, गाडी सुरू करण्यापूर्वी, चौदा चाकांभोवती एक फेरी मारून करायचे असते.